अरुण दाते ऐकत वाढलेल्यांना प्रेम नेमकं कसं कळलं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

‘अरुण दातेंच्या गाण्यांनी आम्हाला प्रेम करायला शिकवलं’ हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येतं. पण काय शिकवलं, असं विचारलं की ‘तरल’, ‘हळुवार’, ‘अजरामर’ या तीन विशेषणांवर गाडी अडते. म्हणून हा धागा. आठवणी नकोत, गाण्यांबद्दल नेमकं बोलूया.

माझं म्हणणं असं. दात्यांचा आवाज हक्क सांगत नाही. ‘शुक्रतारा मंद वारा’ घ्या. मंगेश पाडगांवकरांची कविता, श्रीनिवास खळ्यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा, साल १९६२. अख्ख्या गाण्यात मागणी एकच आहे, जवळ राहा. माझी हो नाही, वचन दे नाही, वाट बघ नाही. आणि आवाजही त्या मागणीएवढाच वर जातो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना लागतो तेवढाच. सोळा-सतराव्या वर्षी हे गाणं शंभरदा कानावर पडलं की प्रेमात आवाज खाली आणायचा असतो ही गोष्ट कुणी न सांगता कळते.

प्रश्न दोन:
कोणत्या वयात कोणतं गाणं आणि कोणत्या क्रमाने ऐकावं?
ही गाणी ऐकताना कुठे चुकीचा अर्थ लागतो?

कवितावही

चांगला धागा. पण श्रेय आधी वाटून घ्या. शब्द पाडगांवकरांचे, चाल खळे किंवा यशवंत देवांची. ‘दात्यांनी शिकवलं’ म्हणताना कवी गाळला जातो. ‘दिवस तुझे हे फुलायचे’, ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘या जन्मावर या जगण्यावर’ ही तिन्ही पाडगांवकर-देव-दाते अशी गाणी आहेत. ही तिकडी वेगळी काढता येत नाही.

मंद्रसप्तक

मान्य. पण कविता वाचणारे हजार असतील तर गाणं ऐकणारे लाख. आणि तीच कविता दुसऱ्या गळ्यातून आली असती तर जवळ राहण्याची विनंती हुकूमही वाटू शकली असती. मला त्याबद्दल बोलायचंय.

देवास_नाका

हा आवाज असा का, याचं एक कारण इंदूरमध्ये आहे. दात्यांचा जन्म तिथला, ४ मे १९३४. वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्याचे जाणकार रसिक. पुलंच्या ‘गणगोत’मध्ये त्यांच्यावरचा लेख आहे, तो वाचलाच पाहिजे. कुमार गंधर्व जवळच देवासला राहत होते, दात्यांचं सुरुवातीचं शिक्षण त्यांच्याकडे झालं. पुढे के. महावीर यांच्याकडे. आणि इंदूर आकाशवाणीवर ते आधी उर्दू गझल गायचे, मराठी भावगीत नंतर आलं.

गझल गाणाऱ्याला दोन सवयी लागतात. एक, शेर (गझलेतल्या दोन ओळी) समजला पाहिजे म्हणून शब्द स्वच्छ टाकायचा. दोन, शेराच्या दुसऱ्या ओळीआधी क्षणभर थांबायचं, ऐकणाऱ्याला वेळ द्यायचा. दात्यांच्या भावगीतात या दोन्ही सवयी तशाच उतरल्यात. समोरच्याला वेळ देणं ही प्रेमातली फार मोठी गोष्ट आहे आणि ती इथे गाण्याच्या तंत्रातच बसलेली आहे.

वृत्तवेडा

देवास_नाका यांच्या गझलेच्या मुद्द्याला कवितेतून पुरावा देतो. ‘शुक्रतारा’चं वृत्त देवप्रिया आहे. गालगागा गालगागा गालगागा गालगा (गा म्हणजे दोन मात्रांचं दीर्घ अक्षर, ल म्हणजे एका मात्रेचं ऱ्हस्व). मराठी गझलेतलं लाडकं वृत्त. मोजून बघा:

शुक्रतारा / मंद वारा / चांदणे पा / ण्यातुनी

सात, सात, सात आणि पाच मात्रा. आणि ‘तू अशी जवळी रहा’ ही छोटी ओळ म्हणजे याच वृत्ताचा शेवटचा अर्धा भाग, गालगागा गालगा. मोठ्या ओळी फिरून फिरून या अर्ध्या ओळीत येऊन विसावतात. गझलेत मुरलेल्या गळ्याला हे घरचंच मैदान.

सुरपेटी

वृत्तवेडा, झकास. आता यात कुठे चुकतं ते सांगते, कारण हौशी कार्यक्रमांत हे गाणं हमखास असतं आणि हमखास बिघडतं.

श्वास. ‘मंद वारा’नंतर श्वास घ्यायचा, म्हणजे चौदा मात्रांवर. पुष्कळ जण जोर संपला म्हणून ‘चांदणे’नंतर घेतात. मग ‘पाण्यातुनी’ एकटं पडतं आणि चांदणं कुठून दिसतंय हे चित्रच तुटतं.

उच्चार. पहिल्या दोन ओळींत ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ दोन्ही आहेत. ‘चांदणे’तला च दातांजवळचा, ‘चमचा’तल्यासारखा. ‘चंद्र’मधला च टाळूवरचा. हिंदीतून गाण्याकडे आलेली मुलं दोन्ही एकसारखे म्हणतात. तसंच ‘जवळी’तला ज दाती आणि शेवटच्या अंतऱ्यात येणाऱ्या ‘जीव’चा ज तालव्य. सुधा मल्होत्रा मूळच्या मराठी नव्हेत, हिंदी चित्रपटसंगीतातलं मोठं नाव. त्यांच्या ओळी या दृष्टीने कान देऊन ऐका, किती काळजी घेतलीय ते कळतं.

लय. कराओके ट्रॅक बऱ्याचदा मूळ गाण्यापेक्षा जलद असतात. घाई झाली की विनंतीचा तगादा होतो.

निळी_शाई

धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर येते. जरा वेगळं मत.

या गाण्यांनी एक नुकसानही केलंय. ‘न बोलता कळलं पाहिजे’ ही अपेक्षा. सगळीकडे मूक संवाद, डोळ्यांतून कळणं, लाजणं. त्या गाण्यांवर वाढलेली माणसं मग लग्नानंतर वर्षानुवर्षं ‘तिला कळायला नको का?’ आणि ‘त्याला समजत कसं नाही?’ करत बसली. प्रेमात बोलावं लागतं. मागावं लागतं, नकार द्यावा लागतो, पैशाचं आणि कामाचं ठरवावं लागतं. हे या गाण्यांत कुठे आहे?

दुसरं, बाई म्हणजे कायम फूल, कळी, फांदी, झोपाळा.

पहाटवेळ

+१ निळी_शाई. दुसऱ्या मुद्द्याला तर +१०.

गोदाकाठ

तुमचं आमचं सेम असतं, एवढं पाडगांवकरांनीच सांगून ठेवलंय की! :)

कवितावही

निळी_शाई, पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण उलट म्हणेन आणि पुरावा ‘भातुकलीच्या खेळामधली’ हाच देईन. हे गाणं आपण ‘प्रेमभंगाचं गाणं’ म्हणून ऐकतो आणि त्यातली गोष्ट ऐकायचीच राहते. कडव्यागणिक बघा.

पहिलं कडवं. राजा म्हणतो, मला शब्दांवाचूनची भाषा समजली. तुझ्या हातच्या रेषा माझ्या नशिबाशी बोलताहेत. अगदी त्याच क्षणी राणीच्या डोळ्यांत पाणी येतं. कवी विचारतो, का आलं? म्हणजे राजाला ‘समजली’ असं वाटत असताना त्याला मुख्य गोष्ट समजलेलीच नाही.

दुसरं कडवं. राणी दूरच्या ताऱ्याकडे बघत स्पष्ट शब्दांत सांगते की उद्या पहाटे वाटा वेगळ्या. इथे ती बोलते. आणि कवी लगेच म्हणतो, राजाला हे उशिरा कळलं.

तिसऱ्यात राजा प्रश्न विचारतो, आता उत्तर उरलेलं नाही. शेवटच्यात दोघं लांब.

सबंध कविता ‘शब्दावाचून कळलं’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल आहे. त्याने रेषा वाचल्या, राणीला विचारलं नाही. तुम्ही ज्या चुकीबद्दल बोलताय तिच्यावर पाडगांवकरांनी गाणंच लिहून ठेवलंय.

निळी_शाई

हे वाचन पटलं. पण मग गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना ते का कळत नाही? सगळे राजाच्या बाजूने उसासे टाकतात.

सुरपेटी

कारण गाताना ‘का राणीच्या डोळा’ या ओळीतला ‘का’ बहुतेक जण वाहवून टाकतात. तो प्रश्न आहे. आधी थांबा हवा, ‘का’ सुटा यायला हवा. मूळ ध्वनिमुद्रणात दाते ही ओळ उसाशाची करत नाहीत, नवल वाटल्यासारखी विचारतात. दाते इथे राजा होत नाहीत. गोष्ट सांगणारेच राहतात, ना राजाचे वकील ना राणीचे. रंगमंचावर गाणारे बहुतेक पुरुष गायक मात्र पहिल्याच कडव्यात राजा होऊन बसतात आणि चेहरा पाडून गातात. गाण्याचा अर्थ तिथेच सांडतो.

तबला_डग्गा

सुरपेटी, अगदी. आणि साथीदारांचीही चूक असते. कडवं संपताना प्रश्न हवेत राहायला पाहिजे तिथे तबल्यावर जोरदार तिहाई (एकच बोल तीनदा) मारून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आपटतात. टाळ्या मिळतात, प्रश्न पुसला जातो. भावगीताला साधा ठेका पुरे. डग्ग्याचा घुमारा कमी, चाटीचं (तबल्याच्या काठावरचं) काम हलकं, कडव्याच्या शेवटी फार तर एक छोटी उठाण (ठेका उचलून देणारा बोलांचा तुकडा). गायकाने श्वास घेतला की ती जागा तबल्याने भरायची नाही. ती रिकामी ठेवलेली आहे.

वृत्तवेडा

इथे एक गंमत सांगावीशी वाटते. ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ आणि ‘या जन्मावर या जगण्यावर शतदा प्रेम करावे’ या दोन्ही ओळी सोळा अधिक बारा मात्रांच्या. कवी तोच, संगीतकार तोच, गायक तोच, मात्रांचा साचाही तोच. एकात डाव अर्ध्यावर मोडलाय आणि दुसऱ्यात जगण्यावर शंभर वेळा प्रेम करायला सांगितलंय. एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीत मनातल्या मनात म्हणून बघा. मात्रा बसतात, जीव बसत नाही. चालीचं काम काय असतं ते या एका प्रयोगात कळतं.

‘स्वरगंगेच्या काठावरती’ही याच घरातलं, फक्त शेवटी एक मात्रा कमी, सोळा अधिक अकरा.

देवास_नाका

‘स्वरगंगेच्या’ मात्र शंकर वैद्यांचं आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची. सुरेश भटांचं ‘सूर मागू तुला मी कसा’ हेही हृदयनाथांचंच. पाडगांवकर-देव या वर्तुळाबाहेरचे दाते ऐकायचे असतील तर ही दोन आणि वा. रा. कांतांचं ‘सखी शेजारिणी’.

पहाटवेळ

‘सखी शेजारिणी’बद्दल कुणीतरी लिहाच. त्यात तर मागणी अजून कमी आहे. तू हसत राहा, बस. ती आपली आहे की नाही याचा हिशेबच नाही. एकतर्फी प्रेम सभ्यपणे कसं करावं याचा वस्तुपाठ आहे ते.

मंद्रसप्तक

पहाटवेळ, हे फार महत्त्वाचं बोललात. ती नाही म्हणाली की मागे लागायचं, हे कित्येक चित्रपटगीतांनी मुलांना शिकवलं. इथे मुलगा दूर उभा राहून शुभेच्छा देतो आणि तरी गाणं फिकं पडत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मुलांच्या कानावर हे पडायला हवं.

निळी_शाई

माझा दुसरा मुद्दा अजून तसाच आहे. बाई फूल आणि फांदी.

कवितावही

अर्धा मान्य करते. ‘दिवस तुझे हे फुलायचे’मध्ये मुलगी ऐकून घेणारी आहे, बोलणारा दुसराच. पण ‘शुक्रतारा’त बाईला स्वतःची कडवी आहेत आणि ती नुसती लाजत नाही. त्याचं धृपद ‘तू अशी जवळी रहा’, ती आपल्या कडव्यात ते फिरवून ‘तू असा जवळी रहा’ म्हणते. त्याची मागणी जशीच्या तशी त्याच्यापुढे ठेवते. शिवाय त्याला ‘घे रे’ म्हणते. १९६२ साली मध्यमवर्गीय घरात बायका नवऱ्याला ‘अहो’च म्हणत होत्या. रेडिओवर एक बाई पुरुषाला ‘रे’ म्हणून सांगतेय की माझं मन समजून घे, हे तेव्हाच्या घराघरांत ऐकलं गेलं. फांदीची उपमाही तीच स्वतःला देते, आणि फुलांच्या भाराने वाकलेला जीव म्हणजे तृप्तीचं वर्णन आहे, दुबळेपणाचं नव्हे.

बाईच्या इच्छेचं थेट गाणं हवं असेल तर दाते पुरणार नाहीत हे खरं. त्यासाठी भटांकडे जा. ‘मालवून टाक दीप’ लताबाईंचं आणि ‘तरुण आहे रात्र अजुनी’ आशाबाईंचं, दोन्हींना संगीत हृदयनाथांचं. ती दोन आणि ‘शुक्रतारा’ एका बैठकीत ऐकली की चित्र पुरं होतं.

निळी_शाई

‘रे’चा मुद्दा लक्षातच आला नव्हता. पुरुषी नजरेबद्दल माझं मत कायम, पण ‘शुक्रतारा’ त्या यादीतून काढते.

यारा_काठ (मेलबर्न)

इथल्या मराठी मंडळात पंधरा ते अठरा वयाची मुलं आहेत. घरातलं मराठी समजतं, कविता डोक्यावरून जाते. त्यांना ही गाणी कशी ऐकवावी? ‘जुनं आणि संथ’ म्हणून कान बंद करतात.

सुरपेटी

यारा_काठ, हे असं करून बघा.

बैठकीला एकच गाणं. दोन नकोत.

आधी कविता मोठ्याने वाचा, चाल न लावता, गोष्ट सांगितल्यासारखी. यशवंत देवांचं ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक आहे, त्यांचा भर यावरच असायचा. शब्द आधी, सूर त्यांच्यासाठी. ‘भातुकली’ घेतलं तर वदला, दुज्या, विराणी एवढे तीनच शब्द अडतील. ते आधीच सांगून टाका, मध्ये थांबून अर्थ सांगू नका.

मग मुलांना विचारा, राणी का रडली? उत्तर सांगू नका. या प्रश्नावर सतरा वर्षांची मुलं तावातावाने बोलतात, भाषा मोडकी असली तरी.

आणि मग गाणं लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत आणि दात्यांच्या आवाजाची सगळी ऊब खालीच आहे. वर उरतात फक्त स, श आणि बासरी. मुलांना ‘पातळ आणि जुनं’ वाटतं त्याचं निम्मं कारण हे. साधे हेडफोन किंवा बऱ्यापैकी स्पीकर चालतील.

शेवटचं, सुरुवात मूळ ध्वनिमुद्रणापासून. उतारवयातल्या कार्यक्रमांची चित्रणं आंतरजालावर भरपूर आहेत आणि ती प्रेमाने ऐकावीत, पण पहिली ओळख त्यांनी करून देऊ नये. तिथे लय सैल असते आणि टाळ्याही.

तबला_डग्गा

मुलांना लांबीही सांगा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. भावगीताचा घाट त्या मापात घडला. धृपद, दोन-तीन कडवी, मध्ये छोटे संगीताचे तुकडे. आजच्या गाण्यापेक्षा ते मोठं नाही. संथ वाटतं, कारण त्या मापात गर्दी केलेली नाही.

गोदाकाठ

गॅदरिंगसाठी एक मुलगा आणि एक मुलगी ‘शुक्रतारा’ बसवताहेत. मुलगा काळी एक, मुलगी काळी चार (पेटीची पहिली आणि चौथी काळी पट्टी हा ज्याचा त्याचा आधारस्वर). पट्टी कोणती घ्यावी? मुलाच्या पट्टीत मुलीचा आवाज ऐकूच येत नाही आणि मुलीच्या पट्टीत मुलगा किंचाळतो.

सुरपेटी

गोदाकाठ, हा युगुलगीताचा जुना दुखरा भाग. कागदावर पट्टी ठरवू नका, टोकाचे सूर बघून ठरवा.

मुलाच्या वाट्याचा सगळ्यात वरचा सूर शोधा. तो त्याने अर्ध्या आवाजात, न ताणता लावून बघायचा. पूर्ण आवाजात लागला आणि अर्ध्या आवाजात फाटला तर ती पट्टी वर आहे. एकेक पट्टी उतरवत या. मग मुलीच्या वाट्याचा सगळ्यात खालचा सूर. तो माइकशिवाय पहिल्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. बुडत असेल तर एक पट्टी वर. या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरेल ती पट्टी. बहुतेक वेळा ती मुलाला थोडी वर आणि मुलीला बरीच खाली वाटते. मुलीला माइक जवळ द्या, चार बोटांच्या अंतरावर, आणि मुलाला एक वीत लांब ठेवा. एको जवळपास बंद. एको वाढवला की ‘जवळी रहा’ दरीतून आल्यासारखं ऐकू येतं.

आणि मुलीला तिचा ‘तू असा’ नीट पाठ करून घ्या. घाईत मुली ‘तू अशी’च म्हणून जातात आणि कवितावहींनी सांगितलेला सगळा मुद्दा पाण्यात.

गोदाकाठ

अर्ध्या आवाजाची युक्ती भारी आहे. धन्यवाद!

पहाटवेळ

अवांतर: ‘शुक्रतारा’ नावानेच पुढे दात्यांचा रंगमंचावरचा कार्यक्रम झाला आणि तो अनेक वर्षं चालला. एका गाण्याच्या नावावर एवढे प्रयोग होणं हे मराठी भावगीतात विरळाच. २०१८च्या मे महिन्यात दाते गेले, त्याच ऑक्टोबरमध्ये यशवंत देव. पाडगांवकर २०१५च्या डिसेंबरात, खळे २०११मध्ये. सात-आठ वर्षांत सगळी पिढी गेली.

देवास_नाका

आणि दाते पेशाने वस्त्रोद्योगातले अभियंते, हेही नोंदवून ठेवा. पूर्ण वेळ गाणं नंतर आलं. नोकरी करणाऱ्या माणसाचं प्रेम त्या आवाजात आहे असं मला नेहमी वाटतं. सगळं सोडून पळून जाणारं नाही, संध्याकाळी घरी येणारं.

कवितावही

देवास_नाका, सुंदर निरीक्षण, पण ‘अखेरचे येतील माझ्या हेच शब्द ओठी’ या चौकटीत बसवून दाखवा. त्यात तर लाख चुका केल्याची कबुली आहे आणि जमेला एकच गोष्ट, प्रेम केलं. संध्याकाळी वेळेवर घरी येणाऱ्या माणसाचं गाणं नाही ते.

देवास_नाका

नाही बसत. ते गाणं वेगळंच आहे. पण चुका मोजताना आवाज चढत नाही बघा, सहानुभूतीही मागत नाही. समोर मांडतो आणि थांबतो.

मंद्रसप्तक

आता मूळ प्रश्नाकडे. वरच्या सगळ्या चर्चेतून क्रम लावायचा झाला तर माझा असा:

तेरा-चौदा: ‘सखी शेजारिणी’. आवडणं आणि मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळायला.

सोळा-सतरा: ‘शुक्रतारा’, दोघांची कडवी लक्ष देऊन.

अठरा-एकोणीस: ‘भातुकली’, राणी का रडली या प्रश्नासकट.

त्यानंतर ‘भेट तुझी माझी स्मरते’. त्यात पावसाळी रात्रीच्या भेटीची आठवण आहे, आणि आठवण म्हणजे काय हे कळायला मागे काही असावं लागतं.

‘या जन्मावर’ मुद्दाम शेवटी. शाळांमध्ये ते समूहगीत म्हणून सहावी-सातवीत बसवतात, टाळ्यांच्या तालावर. त्याने गाणं पाठ होतं आणि अर्थ बंद होतो.

कवितावही

‘या जन्मावर’ शेवटी ठेवायला माझा विरोध नाही, पण कारण वेगळं. त्याच्या पहिल्या कडव्यात वारा, पाऊस, भिजलेली काळी माती, रुजून आलेली पाती असं सगळं येतं आणि कडव्याच्या अखेरीस, लाजरी फुलं बघून कुणाचे तरी हळवे ओठ आठवावेत, अशी एकच ओळ आहे. माणसावरचं प्रेम तिथे एका ओळीपुरतं येतं, बाकी सगळी माती आणि आभाळ. शेवटच्या कडव्यात तर ओठ मातीलाच लागतात. ‘शुक्रतारा’त अख्खं आभाळ त्या दोघांसाठी होतं. इथे उलटं झालंय. हे उलटणं कळायचं तर आधीची गाणी अंगात मुरलेली हवीत.

निळी_शाई

क्रमाला विरोध. गाणी वयाप्रमाणे वाटपाला ठेवता येत नाहीत. ‘भातुकली’ बारा वर्षांच्या मुलीनेही ऐकावं, तिला खेळ मोडल्याचं दुःख कळतंच. पुन्हा विसाव्या वर्षी ऐकेल तेव्हा दुसरं कळेल. आणि ‘सखी शेजारिणी’ फक्त मुलग्यांना का? मुलींनाही कुणी न मिळणारा आवडतोच.

मंद्रसप्तक

मुलींनाही, अर्थात. दुरुस्ती मान्य. ‘भातुकली’ लवकर ऐकण्यालाही हरकत नाही, फक्त तेव्हा प्रश्न विचारू नयेत.

यारा_काठ (मेलबर्न)

येत्या रविवारी ‘भातुकली’पासून सुरुवात करतोय. कविता छापून घेतली, हेडफोनची वाटणी झाली. सुरपेटी, एक शंका: राणी का रडली, हे मुलांनी मलाच उलट विचारलं तर?

सुरपेटी

दुसरं कडवं पुन्हा लावा. ती स्वतःच सांगते.

तबला_डग्गा

आणि लावताना आवाज थोडा वाढवा. ‘उद्या पहाटे’ची ओळ तिथे हळू आहे, मागच्या रांगेतल्या पोरांना ऐकू जाणार नाही.